घरी टॉर्टिया करण्यासाठी प्रेस : कोणता घ्यावा आणि कसा वापरावा?

मेतकूट (टेक्सास) :

नमस्कार मंडळी. आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी टाको किंवा एन्चिलादा हे मेक्सिकन पदार्थ होतात आणि आजवर त्यासाठी दुकानातल्या पाकिटातल्या मक्याच्या टॉर्टिया, म्हणजे पातळ मेक्सिकन भाकऱ्या, वापरल्या. गावातल्या एका लहानशा मेक्सिकन खाणावळीत तव्यावरून थेट ताटात आलेली टॉर्टिया खाल्ल्यापासून मात्र पाकिटातल्या टॉर्टिया घशाखाली उतरेनाशा झाल्या आहेत, म्हणून आता घरी करायचे ठरवले आहे. त्यासाठी प्रेस, म्हणजे पिठाचा उंडा दोन तबकड्यांत दाबून चकती करणारे साधन, घ्यायचा विचार आहे. दुकानात बिडाचा, ओतीव ॲल्युमिनियमचा आणि लाकडी असे तीन प्रकार दिसतात. आकारही वेगवेगळे आहेत, साधारण १६ सेंटिमीटरपासून २५ सेंटिमीटरपर्यंत. स्वयंपाकघर लहान असल्यामुळे एकाच कामापुरते अवजड यंत्र घ्यायचे जिवावर येते, तेव्हा त्यावर भाकरी, पुऱ्या किंवा पापडही होत असतील तर तेही कळावे. आम्ही शाकाहारी आहोत. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

देशांतर (मोंतेरे, मेक्सिको) :

मेतकूटताई, प्रेसबद्दल लिहिण्याआधी पिठाबद्दल लिहितो, कारण इथे राहून जे पाहिले त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की टॉर्टिया बिघडली तर दहापैकी नऊ वेळा दोष पिठाचा असतो आणि बोल प्रेसला लागतो.

मक्याच्या दाण्यात गव्हासारखे ग्लुटेन, म्हणजे पीठ बांधून ठेवणारे चिवट प्रथिन, नसते, त्यामुळे नुसता मका दळून भिजवला तर त्याची पातळ चकती हातात उचलतानाच तुटते. मेक्सिकोत यावर हजारो वर्षांपूर्वीच उपाय सापडलेला आहे. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच मुरू देतात, सकाळी धुऊन त्याची सैल झालेली साले काढतात आणि मग ओलाच वाटतात. चुन्यामुळे दाण्याच्या सालीतले चिवट घटक विरघळून थोडे डिंकासारखे होतात आणि त्यांच्या जोरावर पीठ एकसंध राहते. तो विशिष्ट गंध आणि चवही त्यातूनच येते. शिवाय मक्यातले ब-३ जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपने मका नेला, पण ही रीत नेली नाही. त्याचे फळ म्हणून अठराव्या शतकापासून स्पेन आणि इटलीतल्या गोरगरिबांना, ज्यांच्या पोटात मक्यावाचून फारसे काही जात नव्हते त्यांना, याच जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने ग्रासले. मेक्सिकोत मका हेच मुख्य अन्न असूनही ती वेळ आली नाही.

आता रोज मका शिजवून पाट्यावर वाटणे शहरात कोणाला जमणार? म्हणून असा चुन्यात शिजवलेला मका वाटून, वाळवून केलेले तयार पीठ मिळते, त्याला मसा हरिना म्हणतात. हे पीठ मोठ्या प्रमाणावर तयार करणारी ग्रुमा ही कंपनी १९४९ साली आमच्या याच राज्यात, नुएवो लिओनमधल्या सेराल्वो गावी सुरू झाली आणि तिचे मसेका हे पीठ तुमच्याकडे टेक्सासमध्ये कोणत्याही वाणसामानाच्या दुकानात मिळेल. दोन वाट्या पिठाला दीड वाटी कोमट पाणी घ्यावे, म्हणजे वजनाने पाहिले तर पिठाच्या जवळजवळ दीडपट. ओतताना हे पाणी फार वाटते, परंतु पीठ वाळवलेले असल्यामुळे ते सावकाश आणि भरपूर पाणी पिते. चांगले मळून ओल्या फडक्याखाली निदान वीस मिनिटे ठेवावे. त्यानंतर लिंबाएवढा उंडा करून तळहातावर अंगठ्याने चपटा दाबावा. कडेला भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावे, आणि पीठ तळव्याला चिकटले तर चिमूटभर कोरडे पीठ मिसळावे. उकडीच्या मोदकाची पारी करताना जो मऊपणा बोटांना कळतो, तोच इथे हवा. ही परीक्षा उतरल्याशिवाय प्रेसला हात लावू नये.

बिजागरी (पुणे) :

देशांतर यांच्याशी मी सहमत आहे, तरी प्रेसची बाजू कोणीतरी मांडायला हवी. माझा व्यवसाय यंत्रांचा असल्यामुळे थोडे पाल्हाळ लागेल, ते चालवून घ्यावे.

घरगुती प्रेसमध्ये दोन तबकड्या एका बाजूला बिजागरीने जोडलेल्या असतात आणि समोरच्या बाजूला, खालच्या तबकडीला, मूठ असलेली दांडी बसवलेली असते. वरची तबकडी मिटून दांडी तिच्यावर आडवी आणली की दांडीच्या बुडाशी असलेला उंचवटा तबकडीला खाली रेटतो. दांडी जितकी लांब तितका कमी जोर आपल्याला लावावा लागतो, हे उघड आहे. फार कमी लोक ज्याकडे लक्ष देतात ती गोष्ट वेगळीच आहे. तबकड्या एकमेकींना समांतर कधी होतात, हा खरा प्रश्न आहे. टॉर्टिया दाबली गेल्यावर आत साधारण दीड-दोन मिलिमीटर जाडीचे पीठ आणि प्लास्टिकचे दोन थर असतात. त्या जाडीला तबकड्या समांतर असाव्यात असे बिजागरीचे छिद्र पाडलेले असेल, तर टॉर्टिया सर्वत्र सारखी येते. छिद्र खाली असेल तर बिजागरीकडची बाजू आधी टेकते आणि टॉर्टिया तिकडे कागदासारखी पातळ व मुठीकडे जाड येते. छिद्र वर असेल किंवा खीळ सैल असेल तर नेमके उलटे होते. टॉर्टिया न फुगण्याचे हे एक मोठे कारण आहे, कारण पातळ बाजू तव्यावर आधी वाळून कडक होते आणि वाफ कोंडण्यासाठी लागणारी सलग पापुद्र्याची पिशवीच तयार होत नाही.

दुकानात हे तपासणे अवघड नाही. प्रेस मिटून, दांडी हलकेच दाबून तो डोळ्यांच्या पातळीवर धरावा आणि तबकड्यांच्या फटीतून उजेडाकडे पाहावे. फट एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे निमुळती होत गेलेली असेल तर ती किती, ते लगेच दिसते. डावी-उजवी बाजू तपासण्यासाठी एकाच कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या दोन्हीकडे ठेवून दाबावे आणि ओढून पाहावे. एक पट्टी सहज निघाली आणि दुसरी अडकली, तर तो नग परत ठेवावा, कारण पुढचा-मागचा फरक घरी सुधारता येतो, डावा-उजवा फरक सुधारत नाही. वरची तबकडी हाताने आडवी हलवून पाहावी. थोडासा सैलपणा सगळ्यांत असतो, पण ती खडखडत असेल तर घेऊ नये. शेवटी, तबकडीवरून बोट फिरवावे. ओतकामाचे बारीक खवले राहिले असतील तर ते प्लास्टिक फाडतात.

धातूबद्दल म्हणाल तर, बिडाचा प्रेस २० सेंटिमीटरचा असेल तर साधारण तीन किलो किंवा त्याहून थोडा जास्त भरतो. हे वजनच अर्धे काम करते आणि दाबताना तो ओट्यावर सरकत नाही. ओतीव ॲल्युमिनियमचा त्याच्या निम्म्यानेही भरत नाही, गंजत नाही, मेक्सिकोतल्या असंख्य घरांत तोच असतो, पण त्यावर अंगाचा भार टाकून दाबण्याची सवय असेल तर दांडी बुडाशी तडकते. पातळ पत्र्याचे, रंग दिलेले प्रेस मिळतात, त्यांच्या तबकड्या मध्यभागी वाकतात, ते घेऊच नयेत.

ताटवाटी (डोंबिवली) :

एवढा खर्च आणि एवढे वजन कशासाठी? दोन प्लास्टिकच्या मध्ये उंडा ठेवून वरून जड बुडाचे भांडे दाबले तरी टॉर्टिया होते. बूड काचेचे असेल तर उंडा किती पसरला तेही वरून दिसते. आमच्या घरी प्रेस नाही आणि कोणाचे काही अडलेले नाही.

देशांतर (मोंतेरे, मेक्सिको) :

ताटवाटी, आपले म्हणणे चुकीचे नाही. चार टॉर्टिया करायच्या असतील तर भांडे उत्तम, आणि ज्यांना हे प्रकरण आपल्या घरात रुजेल की नाही याची खात्री नाही त्यांनी सुरुवात तशीच करावी. इथल्या खेड्यांत आजही अशा आज्या आहेत ज्या प्रेसही वापरत नाहीत आणि भांडेही नाही, दोन्ही तळहातांत थापूनच टॉर्टिया करतात. मात्र दोन वाट्या पिठाच्या पंधरा-सोळा टॉर्टिया होतात, आणि एक तव्यावर असताना पुढची दाबून तयार हवी असते. उभे राहून, भांड्यावर वजन टाकून, कडा सारख्या आहेत का ते पाहत पंधरा वेळा दाबणे आणि दांडी एकदा खाली आणणे, यातला फरक मनगटांना कळतो. मेतकूटताई दर आठवड्याला करणार आहेत, म्हणून त्यांना प्रेसच सुचवेन.

आकाराबद्दल राहून गेले. टाकोसाठी १४-१५ सेंटिमीटरची टॉर्टिया पुरते आणि त्यासाठी ३० ते ३५ ग्रॅमचा उंडा लागतो. म्हणून १६ सेंटिमीटरचा प्रेस पुरेसा आहे असे वाटते, परंतु त्यात उंडा जरासा बाजूला ठेवला गेला की कड बाहेर येते. २० सेंटिमीटरच्या प्रेसमध्ये चुकीला जागा राहते. त्याहून मोठा घेण्याचे कारण मला दिसत नाही. इथल्या वाहाका राज्यात त्लायुदा नावाच्या थाळ्याएवढ्या टॉर्टिया होतात, पण तो निराळा प्रकार झाला.

मेतकूट (टेक्सास) :

सर्वांचे मनापासून आभार. बिजागरीदादा, आपण सांगितलेली कागदाच्या पट्ट्यांची परीक्षा मी दुकानात करून पाहिली. शेजारी उभ्या असलेल्या बाई थोड्या चकित झाल्या, पण एकाच मापाच्या दोन नगांत खरोखरच फरक निघाला. अजून खरेदी केलेली नाही. दोन शंका आहेत. प्लास्टिक नेमके कोणते वापरावे? बेकिंगचा कागद चालेल का? आणि भाकरी-पुरीचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

ओसरी (नाशिक) :

मेतकूट, बेकिंगचा कागद दोन-तीन टॉर्टियांनंतर ओला होऊन चुरगळतो आणि त्याच्या सुरकुत्या टॉर्टियावर उमटतात. अगदी पातळ चिकटपट्टीसारखे प्लास्टिकही नको, ते पिठात रुतून बसते. आपल्याकडे थालीपीठ किंवा पापड थापायला दुधाची पिशवी धुऊन, कापून वापरतात, त्या जाडीचे प्लास्टिक उत्तम. तिकडे फ्रीझरमध्ये ठेवायच्या जाड पिशव्या मिळतात, त्यांच्या तीन बाजू कापून वहीसारखी उघडणारी दोन पाने करून घ्यावीत, म्हणजे वरचा आणि खालचा तुकडा शोधत बसावे लागत नाही. तबकडीपेक्षा प्लास्टिक थोडे मोठे असावे. पिठात पाणी योग्य असेल तर तेल लावावे लागत नाही.

टॉर्टिया सोडवण्याची एक पद्धत आहे. आधी वरचे प्लास्टिक सोलावे. मग टॉर्टिया तळहातावर उपडी घेऊन दुसरे प्लास्टिक तिच्यापासून सोलावे, टॉर्टिया प्लास्टिकपासून ओढू नये. ती अर्धी तळव्यावर आणि अर्धी बोटांच्या बाहेर लोंबती असावी. लोंबती कड तव्याला टेकवून हात मागे घेत जावे, म्हणजे ती सुरकुती न पडता पसरते. भाकरी टाकणाऱ्या हाताला हे शिकवावे लागत नाही.

आता भाकरीबद्दल. माझ्याकडे लाकडी प्रेस आहे, गावातल्या सुताराकडून सागवानी फळ्यांचा करून घेतलेला. दाराच्या बिजागऱ्या, तीन सेंटिमीटर जाड फळ्या आणि जवळजवळ हातभर लांब दांडी. त्यावरच्या अनुभवावरून सांगते. तांदळाच्या उकडीची भाकरी उत्तम होते, कारण उकडीमुळे पिठाला चिकटपणा आलेला असतो. नाचणीचीही उकड काढली तर छान होते. ज्वारीचे पीठ ताजे असेल आणि कढत पाण्यात मळले असेल तर तळहाताएवढी लहान, थोडी जाड भाकरी होते, परंतु कडा फुटतातच आणि त्या हाताने सारख्या कराव्या लागतात. परातीत थापलेल्या भाकरीची सर तिला नाही. बाजरीचे नाव काढू नये. पुऱ्यांसाठी मात्र प्रेस म्हणजे वरदान आहे. कणीक घट्ट भिजवून, उंड्याला तेलाचे बोट लावून दाबावे आणि लगेच कढईत सोडावे. तांदळाच्या पापड्याही झरझर होतात. उडदाच्या पापडाचे पीठ फार कठीण असते, तिथे प्रेसने निम्म्यापर्यंत आणून पुढे लाटणेच घ्यावे लागते.

ताटवाटी (डोंबिवली) :

मग पोळ्या का होऊ नयेत? पुरी होते तर पोळीही व्हायला हवी.

बिजागरी (पुणे) :

ताटवाटी, गव्हाच्या कणकेत ग्लुटेनची जाळी असते आणि ती रबरासारखी मागे येते. प्रेस उघडताच दाबलेली चकती आक्रसते. पुरी लहान असते, थोडी जाड चालते आणि आक्रसायच्या आत तेलात जाते, म्हणून तिथे निभावते. पोळीला पातळपणा हवा असतो, शिवाय घडीच्या पोळीत पदर असतात आणि ते लाटण्यानेच येतात. खुद्द मेक्सिकोच्या उत्तरेकडे, विशेषतः सोनोरा राज्यात, गव्हाच्या टॉर्टिया रोजच्या आहारात आहेत आणि त्या घरी लाटून किंवा हातांवर ताणूनच केल्या जातात, मक्याचा प्रेस त्यासाठी कोणी काढत नाही. विजेवर तापणाऱ्या तबकड्यांचे पोळीयंत्र मिळते, त्यात दाबताक्षणी पृष्ठभाग भाजला जाऊन आकार कायम राहतो. ते निराळे उपकरण आहे आणि त्याबद्दल हवे तर वेगळा धागा काढावा.

ओसरी यांच्या लाकडी प्रेसबद्दल एक पुस्ती जोडतो. लाकडी प्रेस करून घेणाऱ्याने सुताराला दोन्ही फळ्या घट्ट मिटतील अशा बिजागऱ्या बसवायला सांगू नये. मागच्या बाजूला सुमारे दोन मिलिमीटरची फट राहिली पाहिजे. सुतार मंडळी दार घट्ट बसवण्यात आपले कसब मानतात, त्यामुळे हे दोनदा सांगावे लागते.

पाणपोई (कॅलिफोर्निया) :

चर्चा उत्तम चालली आहे. मेतकूट यांनी शाकाहारी असल्याचे लिहिले आहे म्हणून एक महत्त्वाची सूचना करते, जी आधीच्या प्रतिसादांत आलेली नाही.

आपल्याकडच्या मेक्सिकन दुकानांत आणि टॉर्टिया करणाऱ्या कारखान्यांत ताजे वाटलेले ओले पीठही किलोच्या हिशेबाने मिळते. चवीला ते कोरड्या पिठापेक्षा निर्विवाद सरस असते आणि एकदा जवळपास मिळायला लागले की कोरडे पीठ घेववत नाही. पण ते दोन प्रकारचे असते. ‘प्रेपारादा’ असे लिहिलेले पीठ तमाल नावाच्या उकडलेल्या पदार्थासाठी असते आणि त्यात बहुधा डुकराची चरबी, मीठ आणि कधी मांसाचे पाणीही मिसळलेले असते. टॉर्टियासाठी साधे, काही न मिसळलेले पीठ मागावे. त्यात फक्त मका, पाणी आणि चुना असतो. गव्हाच्या टॉर्टियातही परंपरेने चरबी असते, तेव्हा त्या विकत घेताना पाकिटावरचे घटक वाचावेत.

दुसरे असे की मक्याचे म्हणून मिळणारे प्रत्येक पीठ चालत नाही. व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या अरेपा नावाच्या जाड भाकरीसाठी आधी शिजवून वाळवलेल्या मक्याचे पीठ येते, ते त्याच फळीवर, तशाच पाकिटात असते, पण त्यावर चुन्याची प्रक्रिया झालेली नसते आणि त्याची टॉर्टिया धड होत नाही. कॉर्नफ्लोर म्हणजे तर नुसता स्टार्च. भारतातल्या वाचकांनीही लक्षात घ्यावे की गिरणीतून दळून आणलेल्या मक्याच्या पिठाची भाकरी होईल, टॉर्टिया होणार नाही.

ओसरी (नाशिक) :

पाणपोईताई, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून लिहावेसे वाटले. नाशिकमध्ये मसा हरिना सहज मिळत नाही आणि मागवली तर महाग पडते, त्यामुळे मी मका घरीच चुन्यात शिजवते. एक किलो वाळलेला पांढरा किंवा पिवळा मका, तीन लिटर पाणी आणि दहा ग्रॅम खाण्याचा कोरडा चुना. स्वीटकॉर्न किंवा लाह्यांचा मका घेऊ नये. पाण्यात चुना विरघळवून मका घालावा, उकळी आल्यावर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवावे आणि गॅस बंद करून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी दाणा चोळला की साल सुटते आणि दाणा दातांखाली चावला जातो, पण मध्यभागी किंचित कणी राहते, तेव्हा तो झाला असे समजावे. तीन-चार पाण्यांनी धुऊन वाटावा. भांडे स्टीलचेच असावे, चुना ॲल्युमिनियमला खातो. रंगकामाचा चुना चुकूनही वापरू नये.

वाटताना खरी अडचण येते. मिक्सरमध्ये पाणी घातल्याशिवाय मका फिरत नाही आणि पाणी घातले की पीठ सैल होते. पाटा-वरवंटा असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर थोडा थोडा घेऊन, मोजकेच पाणी घालून वाटावा आणि ते वाटण फडक्यावर पसरून जरा सुकू द्यावे.

मेतकूट (टेक्सास) :

पाणपोईताई, त्या सूचनेबद्दल विशेष आभार. आमच्या घराजवळच्या दुकानात ‘प्रेपारादा’चाच ढीग समोर मांडलेला असतो आणि दुसऱ्या पिठाबद्दल विचारल्याशिवाय कळत नाही.

आता २० सेंटिमीटरचा बिडाचा प्रेस घेतला आहे, कारण त्यावर पुऱ्याही करायच्या आहेत. पट्ट्यांच्या परीक्षेत तो डावीकडे-उजवीकडे सारखा आहे, पण मुठीकडची बाजू किंचित पातळ येते. शिवाय टॉर्टिया मऊ होतात, चवही आहे, परंतु क्वचितच फुगतात.

बिजागरी (पुणे) :

मुठीकडे पातळ येत असेल तर दोन उपाय आहेत. पहिला सोपा आहे. उंडा बरोबर मध्यभागी न ठेवता बोटभर बिजागरीच्या बाजूला ठेवावा, कारण तबकडी मिटताना पीठ मुठीकडे ढकलले जाते. एकदा हलके दाबून उघडावे, प्लास्टिकसकट टॉर्टिया अर्धी फिरवावी आणि पुन्हा दाबावे. दुसऱ्यांदा जोर कमी लावावा. एवढ्याने भागले नाही तर पोस्टकार्डाच्या जाडीच्या पुठ्ठ्याचा अर्धगोल कापून बिजागरीकडच्या अर्ध्या भागात, तबकडी आणि प्लास्टिकच्या मध्ये ठेवावा. एक पुठ्ठा कमी पडला तर दुसरा. पुठ्ठ्यांची योग्य संख्या सापडली की ते त्या जागी चिकटवून टाकावेत.

दाबताना दांडी एका दमात खाली आणून रेटत राहू नये. टेकली की क्षणभर थांबावे, मग शेवटचा दाब द्यावा. पिठाला पसरायला वेळ मिळाला की कडा फाटत नाहीत.

देशांतर (मोंतेरे, मेक्सिको) :

फुगण्याचे उरलेले काम तव्याचे आहे. मेतकूटताई, तवा बिडाचा किंवा जाड लोखंडी असावा आणि तो पुरता तापलेला असावा. पाण्याचा थेंब टाकताच तो नाचून नाहीसा झाला पाहिजे. इथे गावाकडे मातीचा तवा असतो आणि टॉर्टिया चिकटू नये म्हणून त्याला चुन्याच्या निवळीचा हात देतात. तेल कोणीही लावत नाही.

पहिली बाजू फक्त पंधरा-वीस सेकंद ठेवावी, कडा तव्यापासून सुटायला लागल्या की उलटावी. नव्याने करणारे जवळजवळ सगळे इथेच रेंगाळतात, आणि पहिली बाजू वाळून कडक झाली की टॉर्टियाची फुगण्याची शक्ती तिथेच संपते. दुसरी बाजू चाळीस-पंचेचाळीस सेकंद, तिच्यावर तपकिरी ठिपके येईपर्यंत. मग पुन्हा पहिल्या बाजूवर उलटून मध्यभागी बोटांनी किंवा फडक्याने हलकेच दाबावे. जाडी सारखी असेल आणि पिठात पाणी पुरेसे असेल तर ती तिथेच फुगते. न फुगलेली टॉर्टियाही खायला काही वाईट नसते, पण फुगलेलीत आतला भाग वाफेवर शिजतो आणि ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.

तव्यावरून काढली की जाड फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात एकावर एक रचावी. पहिल्या चार-पाच टॉर्टिया कोरड्या वाटतील, परंतु पाव तासात सगळ्या एकमेकींच्या वाफेने सारख्या मऊ होतात. त्याआधी वाढायला घेऊ नये. घरातली मुले तव्यापाशीच येऊन उभी राहतात तो भाग वेगळा.

मेतकूट (टेक्सास) :

पुठ्ठ्याचा एकच अर्धगोल पुरला आणि पहिली बाजू लवकर उलटायला लागल्यापासून निम्म्याहून अधिक टॉर्टिया फुगतात. पाण्याचे प्रमाणही थोडे वाढवले. शेवटची शंका : प्रेस धुवायचा का?

ओसरी (नाशिक) :

पीठ प्लास्टिकमध्ये राहत असल्यामुळे तबकड्यांना ते लागत नाही, तेव्हा कोरड्या फडक्याने पुसणे पुरते. कडेने पीठ बाहेर येऊन वाळले असेल तर ते ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. बिडाचा प्रेस पाण्यात बुडवून किंवा डिशवॉशरमध्ये घालू नये, लाकडी तर नाहीच नाही, फळी एकदा वाकली की रंधा मारल्याशिवाय सरळ होत नाही. प्लास्टिकची पाने धुऊन, वाळवून वेगळी ठेवावीत, प्रेसमध्येच मिटून ठेवली तर ओलीमुळे आत गंज धरतो.

बिजागरी (पुणे) :

ओसरी यांच्या सूचनेत एवढेच जोडतो की गंज सर्वांत आधी धरतो तो बिजागरीच्या खिळीला, आणि तो वरून दिसत नाही. महिन्यातून एकदा तिथे खाण्याच्या तेलाचा एक थेंब सोडून दांडी चार-पाच वेळा वरखाली करावी. शिवणयंत्राचे तेल घालू नये, ते तबकडीवर उतरते. तबकड्यांना तेलाचा अगदी पुसट हात दिला तरी चालेल, परंतु जास्त तेल लावून ठेवले तर ते चिकट होते आणि पुढच्या वेळी प्लास्टिक त्याला धरून बसते. पुठ्ठा चिकटवलेला असेल तर तेवढ्या भागाला तेल लावू नये, आणि पुठ्ठा कधी ओला झालाच तर वाळवत न बसता नवा कापावा, कारण फुगलेल्या पुठ्ठ्याची जाडी पूर्वीइतकी राहत नाही.